वाचक विचारतात : विद्यापीठाच्या आवारातली विनामूल्य जॅझ मैफल

विद्यापीठाच्या आवारात सत्रभर विनामूल्य जॅझ मैफली कशा भरवायच्या, याबद्दल आयोजक, विद्यार्थी आणि श्रोते अशा तिघांकडूनही पत्रं आली आहेत. त्यांतल्या निवडक प्रश्नांना ही उत्तरं.

प्रश्न : पोस्टरवर मोठ्या अक्षरांत ‘फ्री जॅझ’ लिहिलं. गर्दी झाली, पण दोन-तीन रचना होताच काही जण ‘हे फ्री जॅझ नव्हेच’ म्हणत उठून गेले. आमचं काय चुकलं?

पोस्टरवरचा शब्द चुकला. ‘फ्री जॅझ’ हे जॅझमधल्या एका शैलीचं नाव आहे, त्याचा तिकिटाशी संबंध नाही. डिसेंबर १९६० मध्ये सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन यांनी न्यूयॉर्कमध्ये चार-चार वादकांच्या दोन चौकड्या एकाच वेळी वाजवायला उभ्या केल्या. ध्वनिमुद्रणात एक चौकडी डाव्या बाजूला ऐकू येते, दुसरी उजव्या. सुमारे ३७ मिनिटांचं ते सलग वादन १९६१ मध्ये ‘फ्री जॅझ’ याच नावाने प्रसिद्ध झालं. ठरलेल्या कॉर्डची (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुळणीची) आणि ठरलेल्या मात्रांची चौकट सोडून वाजवण्याच्या पद्धतीला मग हेच नाव चिकटलं. तुमच्याकडून उठून गेलेले लोक बहुधा तेच ऐकायला आले असावेत. याच्या उलटही घडतं : गुणगुणता येईल अशा चालींच्या अपेक्षेने आलेला श्रोता खऱ्याखुऱ्या फ्री जॅझसमोर दहा मिनिटंसुद्धा टिकत नाही.

पोस्टरवर ‘जॅझ मैफल’ एका ओळीत लिहा आणि ‘प्रवेश विनामूल्य’ वेगळ्या ओळीत, वेळेशेजारी. त्याखाली वाद्यांची नावं द्या. ‘सॅक्सोफोन, पियानो, डबल बेस, ड्रम’ एवढं वाचूनच जाणकाराला निम्मा अंदाज येतो.

प्रश्न : एका सत्रात किती मैफली ठेवाव्यात? आणि कोणत्या वेळी?

मोजक्या ठेवा, पण वार, वेळ आणि जागा बदलू नका. साधारण १५ आठवड्यांच्या सत्रात दर पंधरवड्याला एक धरली, तर पहिला आठवडा आणि परीक्षेआधीचे दोन आठवडे सोडून सहा बसतात. विद्यार्थ्यांच्या मंडळाला एवढ्या झेपतात. एक मंगळवारी, दुसरी शुक्रवारी, तिसरी भलत्याच इमारतीत असं केलंत, तर दर वेळी प्रसिद्धीची सुरुवात शून्यापासून. ठरलेल्या वेळेचं वजन कसं पडतं, त्याचं एक गमतीदार उदाहरण आहे. अमेरिकेत उत्तर टेक्सासच्या विद्यापीठात १९४७ पासून जॅझचं पदवी शिक्षण मिळतं, आणि तिथल्या वाद्यवृंदांना सरावाच्या तासावरून नावं पडली आहेत. त्यांतला सर्वांत नामांकित म्हणजे ‘वन ओ’क्लॉक लॅब बँड’, एक वाजता सरावाला बसणारा.

दुपारच्या सुट्टीतली मैफल ४५ मिनिटांची, मध्यंतराशिवाय. पुढचा तास गाठायचा असतो, म्हणून शेवटची रचना संपायची वेळ वादकांना आधीच सांगून ठेवा. नाहीतर शेवटच्या सोलोच्या ऐन रंगात निम्मं सभागृह दप्तरं उचलू लागतं आणि त्यात वादकांचाही दोष नसतो. संध्याकाळी ४५-५० मिनिटांचे दोन भाग, मध्ये १५ ते २० मिनिटं.

युनेस्कोने ३० एप्रिल हा आंतरराष्ट्रीय जॅझ दिन ठरवला आहे आणि त्या दिवशी समारोप करायचा मोह होतो. आधी परीक्षेचं वेळापत्रक पाहा. तारखेच्या मोहापायी अभ्यासाच्या आठवड्यात घेतलेल्या मैफलीला वादकांपेक्षा श्रोते कमी असतात.

प्रश्न : आमचं मुख्य सभागृह ८०० आसनांचं, उंच छताचं आहे. तिथे गायन छान लागतं, पण जॅझ चौकडीचा नुसता कल्ला झाला. बेस तर घुमतच राहिला. यावर उपाय काय?

उपाय आहेत, पण पहिला उपाय म्हणजे ते सभागृह सोडणं. ध्वनिवर्धकाविना वाजणाऱ्या मोठ्या वाद्यवृंदासाठी बांधलेल्या दालनात आवाजाची शेपटी दोन सेकंदांच्या आसपास रेंगाळते. लांबवलेल्या सुराला ती शोभते. जॅझमध्ये मात्र ड्रमवादकाची काठी रायड झांजेवर (लय धरून ठेवणाऱ्या मोठ्या झांजेवर) अखंड चालू असते, आणि मध्यम-जलद गतीत, म्हणजे मिनिटाला २०० मात्रा धरल्या, तर एक मात्रा ०.३ सेकंदाची. त्या हिशेबाने पहिली मात्रा विरायच्या आत पुढच्या सहा मात्रा तिच्यावर येऊन पडतात. तोच तुम्ही ऐकलेला कल्ला. ड्रमची साथ असलेल्या लहान संचाला एक सेकंद किंवा त्याहून थोडी कमी शेपटी बरी.

परीक्षा सोपी आहे. रिकाम्या खोलीत मंचावर उभं राहून एकच खणखणीत टाळी वाजवा आणि तिचा माग किती वेळ ऐकू येतो ते पाहा. मग त्याच जागी डबल बेसवादकाला मात्रेमागे एक असे सूर चालवायला सांगा आणि स्वतः शेवटच्या रांगेत जाऊन बसा. एकेक सूर सुटा ऐकू आला, तर खोली चालेल. सगळ्याची मिळून एक घरघर झाली, तर ती खोली नको.

इथे हटकून होणारी चूक म्हणजे भिंतींवर पातळ पडदे सोडणं. पातळ कापड उंच स्वर पिऊन टाकतं. खालचे स्वर शोषायला जाडी लागते, त्यामुळे ते तसेच राहतात. म्हणजे झांज मरते आणि बेस घुमतच राहतो, आधीपेक्षाही वाईट. त्याऐवजी बेसचा अँप्लिफायर कोपऱ्यातून आणि मागच्या भिंतीपासून पुढे आणा, कारण कोपरा खालचे स्वर फुगवतो. तो जमिनीवर न ठेवता खुर्चीच्या उंचीवर, वादकाच्या कानाच्या रोखाने ठेवा आणि आवाज कमी करा. ड्रमखाली दोन मीटर बाय दोन मीटरचा जाड गालिचा हवाच. तो घुमण्यासाठी कमी आणि मोठा ढोल वाजता वाजता पुढे सरकू नये म्हणून जास्त.

सभागृह बदलणं शक्य असेल, तर पायऱ्यापायऱ्यांच्या बैठकीचा, दीडशे-दोनशे आसनांचा व्याख्यानकक्ष पाहा. दिसायला रुक्ष, ऐकायला उत्तम. फक्त तासाची घंटा त्या वेळेपुरती बंद ठेवायची लेखी परवानगी घ्या आणि पंख्यांचा आवाज आधी ऐकून ठेवा.

प्रश्न : मंच प्रशस्त होता म्हणून वादकांना ऐसपैस बसवलं, प्रत्येकापुढे माइक दिला. तरी ‘एकमेकांचं ऐकू येत नाही’ अशी तक्रार आली. किती माइक लावायचे?

ऐसपैस बसवलं तिथेच घोटाळा झाला. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे दर मीटरला जवळजवळ तीन मिलिसेकंद लागतात. ड्रम आणि पियानो यांच्यात दहा मीटर ठेवले, तर एकाची मात्रा दुसऱ्याला तीस मिलिसेकंद उशिरा पोहोचते. दोघेही दुसऱ्यासाठी थांबतात आणि लय मागे ओढली जाते. मंच कितीही मोठा असो, चौकडी पाच मीटर बाय चार मीटरच्या चौकोनात बसवा, उरलेला मंच रिकामा राहू द्या.

रूढ मांडणी अशी : श्रोत्यांच्या डाव्या हाताला पियानो, झाकण श्रोत्यांकडे उघडणारं. पियानोच्या वळणात डबल बेस. श्रोत्यांकडून पाहता त्याच्या उजवीकडे ड्रम. यात बेसवादक ड्रमवादकाच्या रायड झांजेला लागून उभा राहतो, आणि ते महत्त्वाचं, कारण सगळी लय झांजेवरची काठी आणि बेसवरचं बोट यांच्या जुळणीवर उभी असते. सॅक्सोफोन पुढे, मध्याच्या जरा उजवीकडे.

माइकबाबत मत स्पष्ट आहे : आधी एकही नको. साउंडचेकला वादकांना एक संपूर्ण रचना ध्वनिवर्धकाशिवाय वाजवू द्या. मधल्या रांगेत बसून काय कमी पडतं ते ठरवा आणि तेवढंच वाढवा. दीडशे जणांच्या खोलीत बहुतेकदा पियानोला थोडा आधार, बेसला त्याचा अँप्लिफायर आणि निवेदनाला एक माइक एवढ्यावर भागतं. ड्रमला काहीच लागत नाही. मोठ्या सभागृहात मिक्सरच्या आठ वाटा (चॅनेल) पुरेत : मोठ्या ढोलाला एक, ड्रमच्या डोक्यावर दोन, बेसला एक, पियानोला दोन, सॅक्सोफोनला एक, निवेदनाला एक.

सॅक्सोफोनचा माइक थेट कर्ण्यात खुपसलेला दिसतो, तो बाहेर काढा. या वाद्याचा बहुतांश आवाज उघड्या छिद्रांतून येतो, कर्ण्यातून मुख्यतः सर्वांत खालचे सूर. तिथे माइक ठेवला, की तेवढेच सूर अंगावर येतात. तीस-चाळीस सेंटिमीटर दूर, चाव्यांच्या मध्याकडे रोखून ठेवा. फीडबॅक झाला, की डबल बेस शिट्टीऐवजी हंबरतो, कारण मॉनिटरचा (वादकांकडे तोंड केलेल्या स्पीकरचा) आवाज त्याच्या पोकळ पेटीला पुन्हा हलवतो. मॉनिटरमधले खालचे स्वर उतरवा. बेसच्या प्रीअँपवर फेज उलटण्याचं बटण असेल, तर ते दाबून पाहा. पुष्कळदा तेवढ्यावर हंबरणं थांबतं.

सतरा जणांचा बिग बँड बोलावणार असाल (पाच सॅक्सोफोन, चार ट्रम्पेट, चार ट्रॉम्बोन, चार ताल विभागात), तर किमान नऊ मीटर रुंदी लागेल. सतरा स्टँड, त्यांवर दिवे, आणि बिनहाताच्या खुर्च्या. हात असलेल्या खुर्चीत सॅक्सोफोन धरता येत नाही, आणि हे सहसा मैफलीला वीस मिनिटं उरलेली असताना लक्षात येतं.

प्रश्न : पियानो आदल्या दिवशी सुरात लावून घेतला होता. मैफलीत मात्र बेसूर. ट्यूनरने फसवलं का?

बहुधा नाही. पियानो एका खोलीत सुरात लावला आणि मग ढकलत मंचावर नेला, किंवा मंचावर लावला पण तेव्हा दिवे आणि वातानुकूलन बंद होतं, असं काहीतरी घडलं असणार. पियानोच्या ध्वनिफळीचं लाकूड दमटपणात फुगतं, तारा ताणल्या जातात आणि सूर चढतो. कोरड्या हवेत तो उतरतो. क्रम असा ठेवा : पियानो अंतिम जागी, मग मैफलीत असतील तेवढे दिवे आणि तेवढंच वातानुकूलन लावून काही तास जाऊ द्या, मग ट्यूनर, मग साउंडचेक. ट्यूनरला दीड-दोन तास पूर्ण शांतता लागते. त्या वेळात कुणी खुर्च्या मांडत असेल, तर काम बिघडतं. दिव्याचा झोत थेट तारांवर पडू देऊ नका.

सूर कोणता ठेवायचा, हेही विचारा. प्रमाण ‘ए’ ४४० हर्ट्झ, पण व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांवर काठ्यांनी वाजवायचं वाद्य) बहुधा ४४२ वर बनवलेले असतात आणि ते पिळून बदलता येत नाहीत. संचात व्हायब्राफोन असेल, तर पियानो त्याच्याकडे न्यावा लागतो.

प्रश्न : स्पीकरमधून सतत घूंऽऽ आवाज येत होता. ऑपरेटरने प्लगची अर्थिंगची पिन काढली आणि आवाज गेला. हे ठीक आहे ना?

अजिबात नाही. एका हातात गिटार आणि ओठांशी माइक असताना दोष निर्माण झाला, तर जीव जाऊ शकतो. वीजपुरवठा जिथे ५० हर्ट्झचा तिथे ५०, जिथे ६० चा तिथे ६०, त्याच्या पटीतली ही गुणगुण बहुतेकदा अर्थिंगला दोन वाटा मिळाल्याने येते. मंचावरचे अँप्लिफायर आणि मिक्सर यांची वीज एकाच ठिकाणाहून घ्या, दिव्यांचे डिमर वेगळ्या सर्किटवर टाका. तरी गुणगुण राहिली, तर डीआय बॉक्सवर (वाद्य मिक्सरला जोडणाऱ्या छोट्या डबीवर) ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते वापरा. ते फक्त ध्वनीच्या तारेतली अर्थिंगची जोडणी तोडतं, विजेची अर्थिंग शाबूत राहते.

प्रश्न : तिकीट नाही, नफा नाही. मग रचनांचे हक्क, परवाना वगैरे लागू होतं का?

श्रोत्याला फुकट म्हणजे संगीतकाराला फुकट, असं नाही. कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारानुसार रचनेचे हक्क निर्मात्याच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षं टिकतात, अनेक देशांत ७०. जॅझमध्ये पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या रचना बऱ्याच अंशी विसाव्या शतकातल्या, म्हणून ‘जुनी आहे’ हा युक्तिवाद लंगडा पडतो. काही देशांच्या कायद्यांत ना-नफा कार्यक्रमांना सवलत असते, पण तिच्या अटी वाचा. वादकांनाही मानधन न देणं ही त्यांतली एक असू शकते, आणि परवान्याचे पैसे वाचवायला वादकांचं मानधन कापणं हा हिशेब आम्हाला मान्य नाही. विद्यापीठाचा हक्कसंस्थेशी (संगीतकारांच्या वतीने परवाना देणाऱ्या संस्थेशी) वार्षिक करार आहे का, ते विधी विभागाला विचारा. पुष्कळदा असतो आणि सांस्कृतिक मंडळाला त्याचा पत्ता नसतो.

चित्रीकरण आणि थेट प्रसारण यांची परवानगी वेगळी. वादकांकडून ती लेखी घ्या, मैफलीआधी. सुरावटींच्या वह्यांची छायाप्रत हाही वेगळा विषय. बोस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी १९७० च्या दशकात जमवलेली ‘द रिअल बुक’ ही वही जगभर हातोहात फिरली, पण ती विनापरवाना होती. तिची अधिकृत आवृत्ती २००४ मध्ये निघाली. आज ती सरळ विकत मिळत असताना जुनी झेरॉक्स मंचावर ठेवायचं कारण उरलेलं नाही.

प्रश्न : नोंदणी सुरू करताच सगळ्या जागा भरल्या आणि प्रत्यक्षात तिसरा हिस्सा रिकामा. काय करावं?

फुकट नोंदणी मोडताना काहीच जात नाही, म्हणून असं होतं. ‘सुरू होण्याच्या दहा मिनिटं आधी न आल्यास जागा दुसऱ्याला’ असं नोंदणीच्या पानावर लिहा आणि दारात ते पाळा. पहिल्या दोन मैफलींना दारावर डोकी मोजा. तुमच्या आवारातली गळती कळली, की तेवढ्या जास्त नोंदण्या घ्या, पण दालनाची अग्निसुरक्षेची मर्यादा ओलांडू नका.

प्रश्न : टाळ्या केव्हा वाजवायच्या? मधेच वाजवल्या की शेजारचे बघतात, नाही वाजवल्या तरी बघतात!

सोलो संपला की वाजवाव्यात. आता सोलो संपला, हे ओळखायचं कसं, ते सांगतो.

बहुतेक रचनांमध्ये आधी मूळ चाल वाजते, मग एकेक वादक तिच्याच कॉर्डवर नवं काही रचत जातो, शेवटी चाल परत येते. चालीच्या एका पूर्ण फेरीला कोरस म्हणतात. ब्लूजचा कोरस १२ खंडांचा, दर खंडात चार मात्रा, म्हणजे ४८ मात्रांचं एक आवर्तन म्हणा ना. अनेक गीतांचा कोरस ३२ खंडांचा असतो : आठ-आठचे चार भाग, पहिले दोन आणि शेवटचा सारखा, तिसरा वेगळा. तो तिसरा भाग कानाला लागलीच कळतो, जणू खोली बदलली. चाल वाजत असताना तो एकदा पकडून ठेवा, मग सोलो कितीही दूर भटकला तरी आपण कुठे आहोत ते कळतं. सोलो सहसा कोरसच्या सीमेवरच संपतो. वादक वाद्य खाली करतो, बाजूला सरकतो, ड्रमवर एखादा ठळक आघात येतो. तिथे टाळ्या.

दोन ठिकाणी हात आवरा. संथ रचनेत सोलो हळूच विरत असेल, तर त्याला विरू द्या. आणि शेवटाकडे ड्रम आणि इतर वादक चार-चार खंड आळीपाळीने वाजवू लागले, की दर चार खंडांनंतर टाळ्या नकोत. त्या पुढच्या वादकाचा पहिला खंड गिळतात. बेसचा सोलो सुरू झाला की बाकीचे हात आखडतात, तो मध्यंतर नव्हे. कुजबुज नेमकी तिथेच सुरू होते.

प्रश्न : मैफलीनंतर विद्यार्थ्यांसाठी जॅम सेशन ठेवायचं आहे. गोंधळ कसा टाळावा?

पियानो, बेस आणि ड्रमचे तीन पक्के वादक ठरवा आणि ते पूर्ण वेळ मंचावरच ठेवा. इतर येतील-जातील. दारात कागद : नाव, वाद्य, येत असलेली एक रचना. एका वेळी पुढे तिघांपेक्षा जास्त वादक नकोत आणि प्रत्येकाला दोन कोरस. आठ सॅक्सोफोन एका ब्लूजवर सोडले, तर ती रचना वीस मिनिटं संपत नाही आणि तोवर बेसवादकाची बोटं सोलवटतात.

नवख्यांसाठी सुरुवात बी-फ्लॅट ब्लूजने करा. पट्टी सांगताना नेहमी पियानोची सांगा, कारण त्या बी-फ्लॅटला टेनर सॅक्सोफोन आणि ट्रम्पेटवाला ‘सी’ वाजवतो, आल्टोवाला ‘जी’. ‘सी मध्ये घेऊ या’ असं ट्रम्पेटवाला बोलून गेला आणि पियानोने खरोखरच सी धरला, की पहिल्याच खंडात गाडी रुळावरून उतरते. गती मोजून द्यायचं काम एकाकडेच हवं. त्याने आधी चाल मनात गुणगुणून घ्यावी, मगच तोंडाने मोजावं : एक खंड संथ, ‘एक… दोन…’, आणि दुसरा खंड भरीव, ‘एक, दोन, तीन, चार’. मनात न गुणगुणता मोजलेली गती जवळजवळ नेहमीच जास्त जलद निघते.